हवामान बदल: जबाबदारी कोणाची, आणि किती किलोची?

खडूस गणक (धागाकर्ता)

जबाबदारी कोणाची हा वाद निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, अमेरिकेने घाण केली, अमेरिकेनेच निस्तरावी. दुसरा म्हणतो, आधी घरातला दिवा बंद करा. किलो मात्र कोणी मोजत नाही. म्हणून हा धागा. इथे मत मांडताना आकडा द्यावा आणि तो कसा आला तेही सांगावं.

पहिल्या तटाचं म्हणणं खोटं नाही. कोळसा-तेल जाळून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा ३-४ टक्के. आजही आपण माणशी वर्षाला २ टनांच्या आसपास आहोत, जगाची सरासरी ४.७ च्या घरात, अमेरिका १४. 'जबाबदारी सामाईक, पण वाटा वेगवेगळा' हे १९९२ च्या रिओ परिषदेत लिहून झालेलं आहे. ते सोडायचं काहीच कारण नाही.

पण ते २ टन म्हणजे सरासरी. एसी, मोटार आणि विमानप्रवास असलेलं शहरी घर आणि मेळघाटातलं घर यांची बेरीज करून दोनाने भागायचं, आणि मग त्या सरासरीआड पहिल्याने लपायचं, हे पटत नाही.

मोजायची वजनं ही घ्या. ग्रिडची १ युनिट वीज म्हणजे ०.७ किलोच्या थोडं वर कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल लिटरला २.३ किलो, डिझेल २.७. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जळून संपला की ४२ किलोच्या आसपास.

आता ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते. दीड टनाच्या आर-३२ एसीत (आर-३२ हे आतल्या थंडावा देणाऱ्या गॅसचं नाव) साधारण ८०० ग्रॅम गॅस असतो. १०० वर्षांच्या हिशेबाने हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो. ०.८ गुणिले ६७५ म्हणजे ५४० किलो. विजेत मोजलं तर ७५० युनिट. पाच स्टारच्या दीड टनी एसीच्या लेबलवर १६०० तासांचा जो वार्षिक वापर छापलेला असतो, साधारण तेवढाच हा आकडा. म्हणजे एसी काढताना पाइप कापून गॅस 'फुस्स' करून सोडला, की अख्ख्या एका वर्षाची वीज दहा सेकंदांत हवेत गेली.

एसी २० ऐवजी २४ वर ठेवा असं सांगतात. अंशाला ६ टक्के बचत धरली तर वर्षाला १८० युनिट, १३० किलो. चार वर्षं घाम पुसत जे वाचवलं ते एका फुस्सने संपतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या क्षणी ज्याच्या हातात पाना आहे, त्या क्षणी जबाबदारी त्याची.

नाममात्र

हवामान बदलत नव्हतं कधी? हिमयुगं काय डिझेल जाळून संपली? सूर्य, ज्वालामुखी, समुद्र सोडून एसीच्या नटबोल्टांच्या मागे लागणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चुंबकसुई

@नाममात्र, प्रश्न रास्त आहे. हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत १८० वरून २८० च्या जवळपास गेला, त्याला काही हजार वर्षं लागली. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ होता, आज ४२० च्या वर आहे. तेवढीच चढण, एका माणसाच्या आयुष्यात.

हा जादा कार्बन आला कुठून ते त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. कोळसा-तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो, कारण त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं आणि कोळसा कोट्यवधी वर्षं जुना. त्यात कार्बन-१३ सुद्धा कमी, कारण तो मुळात वनस्पतीचा आहे. हवेत दोन्हींचं प्रमाण घटताना दिसलं. तिसरी खूण प्राणवायूची. ज्वालामुखीने कार्बन सोडला तर प्राणवायू खर्च होत नाही, जाळल्याने होतो. तोही मोजण्याइतका घटतो आहे.

सूर्याचं म्हणाल तर सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होत आहेत. खालची उष्णता खालीच अडकली की असंच होणार.

यावर आणखी चर्चा हवी असेल तर वेगळा धागा काढू. इथे जबाबदारीचंच बोलू या.

उंबरठा

धागाकर्त्यांचं गणित बरोबर, निष्कर्ष सोयीचा. आपल्याकडे दहा घरांतल्या जेमतेम एका घरात एसी आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपुरात ४५-४६ अंशात पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला एसी ही चैन नाही, औषध आहे. आणि 'ज्याच्या हातात पाना त्याची जबाबदारी' म्हणजे शेवटी कोण? दिवसाला चार-पाच एसी बसवणारा, नगावर पैसे मिळणारा मेकॅनिक. कंपनी 'इन्स्टॉलेशन फुकट' असं जाहीर करते आणि ते फुकट त्याच्या पाठीवर बसतं. नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप ८-१० किलोचा. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर तो कोण नेणार, आणि अर्धा तास पंप चालवायचे पैसे कोण देणार?

एसी-फ्रिजमधले असे तापवणारे गॅस कमी करण्याचा २०१६ चा किगाली करार आपण २०२१ मध्ये मान्य केला. भारत ज्या देशांच्या गटात आहे त्याला २०२८ मध्ये या गॅसचा वापर गोठवायचा आहे, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के. पण हा करार गॅसच्या उत्पादनाला आणि विक्रीला लागू आहे. जो गॅस आज भिंतींवरच्या यंत्रांत भरलेला आहे, तो उद्या भंगारात जाताना कुठे जाणार, याला त्यात धनी नाही. आधी तिथे बोट ठेवा.

गेजवाला

उंबरठा यांच्याशी सहमत. पण 'बिचारा मेकॅनिक' म्हणून विषय संपत नाही. काम कसं व्हायला हवं आणि कसं होतं ते लिहितो, मग कोण कुठे चुकतो ते आपसूक दिसेल.

गळतीची नव्वद टक्के कुंडली फ्लेअरमध्ये (नटने आवळायला फुलवलेल्या नळीच्या तोंडात) असते (आकडा अंदाजाने म्हणतोय, मोजून नाही, धागाकर्त्यांनी डोळे वटारू नयेत). तांब्याची नळी पाइप कटरनेच कापायची, हॅक्सॉने नाही. हॅक्सॉने कड तिरकी होते आणि भुगा आत पडतो. आतली कड खरवडताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस बाहेर पडतो. नट आधी नळीत ओवायचा, मग फ्लेअर काढायचा. उलटं केलं तर फ्लेअर कापून पुन्हा पहिल्यापासून. फ्लेअरच्या तोंडाला कॉम्प्रेसरच्या तेलाचे दोन थेंब, हाताने आटे पूर्ण बसवायचे, मग दोन पाने लावून आवळायचं. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. टॉर्क पाना नसला की 'अजून अर्धा फेरा' मारला जातो. त्यात फ्लेअरचा गळा पातळ होतो आणि सहा महिन्यांनी कंपनाने चिरतो. ढिला नट पहिल्याच दिवशी सापडतो, जास्त आवळलेला पुढच्या उन्हाळ्यात.

मग गळती तपासायला नायट्रोजन. रेग्युलेटर लावून ४०० ते ५०० पीएसआय दाब, अर्धा तास काटा हलता कामा नये, सांध्यांना साबणाचा फेस. इथे चुकूनही ऑक्सिजनचा सिलिंडर लावायचा नाही. ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो. असे अपघात झालेले आहेत.

मग व्हॅक्यूम, ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं). साध्या गेजचा काटा उणे ३० ला टेकला म्हणजे झालं असं नाही. त्या गेजला ५००० आणि ५०० मधला फरक दिसतच नाही, त्यासाठी मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद करून १०-१५ मिनिटं थांबायचं. आकडा चढून हजार-दीड हजारावर थबकला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. थांबतच नसेल तर गळती आहे, नायट्रोजनकडे परत जा.

प्रत्यक्षात काय होतं? आउटडोअरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायचा, दुसरीकडची पिन दाबायची आणि एसीतलाच गॅस सोडून नळीतली हवा ढकलायची. पाच-सात सेकंदांचं काम. यात गॅस तर जातोच, शिवाय ओल आतच राहते. या एसींमधलं तेल ओल पटकन शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. बिघाड वॉरंटीच्या मागेपुढे येतो, त्यामुळे त्याचा संबंध पहिल्या दिवसाच्या त्या पाच सेकंदांशी कोणी लावत नाही.

सांजवेळ

फारच उपयोगी. पण दरवर्षी सर्व्हिसिंगला 'मॅडम, गॅस थोडा कमी आहे' हे ऐकावंच लागतं. ते खरं किती? गॅस वापराने संपतो का?

गेजवाला

@सांजवेळताई, नाही. एसी म्हणजे बंद नळ्यांचं वर्तुळ, त्यातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता भरलेला गॅस हा पुढच्या वर्षी हवेत जाणारा गॅस आहे. 'टॉप-अप' ही सेवा मुळात गळतीचा हप्ता आहे.

इनडोअरच्या नळीवर बर्फ दिसला की गॅस कमी असं ठोकून देतात. बर्फ गॅस कमी असतानाही धरतो, पण मळलेला फिल्टर, चोंदलेली कॉइल किंवा मंद ब्लोअर यानेही धरतो. आधी फिल्टर-कॉइल धुवा, पंखा पाहा, मग गेज लावा. आणि इन्व्हर्टर एसीत नुसत्या दाबावरून गॅस ठरवणं चूकच, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाब बदलतो. खात्रीचा मार्ग एकच: असलेला गॅस मशीनने काढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, गळती शोधून बुजवायची, व्हॅक्यूम करायचा आणि आउटडोअरच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरायचं.

किनारपट्टीवर आणि नाल्याकाठच्या इमारतींत गळती जास्त. खाऱ्या हवेने कॉइलच्या पत्र्या झडतात. नाल्याच्या सडक्या अंड्यासारख्या वासाच्या वायूने तांबं काळं पडून खातं. तिसरा प्रकार मुंगीच्या वारुळासारखा: नवीन रंग, गोंद, प्लायवूड किंवा कॉइल धुण्याच्या द्रावणातली सेंद्रिय आम्लं तांब्यात डोळ्याला न दिसणारे वाकडे बोगदे करतात. साबणाच्या फेसाला ते सापडत नाहीत. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो आणि कॉइलच बदलावी लागते.

शून्य बेरीज

धागाकर्ते, दोन आक्षेप.

एक, विजेच्या तुलनेत तुम्ही गॅस फुगवून सांगताय. एसीचं आयुष्य १० वर्षं धरा. वीज ७५० गुणिले १० गुणिले ०.७२ म्हणजे ५४०० किलो. गॅस दोनदा भरला आणि शेवटी एकदा सोडला, तर ३ गुणिले ५४० म्हणजे १६२० किलो. एकूण ७०२० पैकी २३ टक्के. मोठा वाटा विजेचाच. मग स्टार रेटिंग, खिडकीवर बाहेरून सावली, गच्चीला पांढरा चुना हे आधी यायला हवं. काच तापून आतला पडदा तापला की उष्णता खोलीतच असते. बाहेरची झडप किंवा बांबूची चटई ती दारातच अडवते.

दोन, आर-३२ हवेत सुमारे ५ वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं राहतो. आज गळती थांबवली तर १०-१५ वर्षांत आर-३२ चा परिणाम बराचसा ओसरेल. कोळशाचा नाही ओसरणार. दोघांना एका काट्यावर तोलणं हाच गोंधळ आहे.

खडूस गणक

पहिला आक्षेप निम्मा मान्य. विजेचा वाटा मोठा आहेच. पण ग्रिडमध्ये सौर-पवन वाढेल तसा युनिटमागचा ०.७ खाली येईल, गॅसचा ६७५ तसाच राहील. रात्री झोपण्याच्या खोलीत एसी चालतो तेव्हा सौर वीज नसते हे खरं, पण दिशा तीच. शिवाय विजेचे ५४०० किलो दहा वर्षांत थेंबाथेंबाने जातात आणि त्यातल्या बऱ्याच भागावर निर्णय वीज कंपनीचा असतो. गॅसचे १६२० किलो तीन दिवसांत जातात आणि त्या तिन्ही दिवशी एसीचा मालक बाजूला उभा असतो.

दुसऱ्या आक्षेपावर तुमचाच मुद्दा उलटवतो. ५ वर्षं टिकणारा वायू १०० वर्षांवर पसरवून मोजला म्हणून ६७५ येतो. २० वर्षांच्या खिडकीतून पाहिलं तर तोच आकडा अडीच हजाराच्या वर जातो. ६७५ हा जुन्या मूल्यांकनातला आकडा, करार त्याच्यावर चालतात. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञ मंडळाच्या) सहाव्या अहवालात तो ७७१ आहे. पुढच्या दोन दशकांत तापमानाची चढण मंदावायची असेल तर हेच वायू पहिल्यांदा हाताशी येतात.

आणि जुने एसी विसरू नका. आर-४१०ए मध्ये निम्मा आर-१२५ असतो, तो ३० वर्षांच्या आसपास टिकतो. मिश्रणाचा आकडा २०८८. आर-२२ चा १८१०, वर तो ओझोनही खातो. जुन्या आर-२२ एसीतला सव्वा किलो सोडला की २२०० किलोच्या वर.

काळी माती

शहरकऱ्यांचं एसीपुराण चालू द्या. थोडं शेताकडे येतो, कारण तिथेही असाच न दिसणारा वायू आहे.

युरियाची ४५ किलोची गोणी, ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या ढोबळ गुणकाने टाकलेल्या नत्राच्या १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. वजनाचं रूपांतर करून गोणीमागे ३२५ ग्रॅम वायू. तो २७३ पट, म्हणजे ८९ किलो. युरिया विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड आणखी ३३. गोणी बनवायला कारखान्यात जळालेला गॅस यात धरलेला नाही.

सुरू उसाला (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे १२ गोण्या, एकरी ५. शेजाऱ्याने एकरी ८ टाकल्या म्हणून आपण ९, हा आपला खरा खतांचा तक्ता. वर युरिया फेकून पाट सोडला की काही नत्र अमोनिया होऊन उडतं, काही पाण्याबरोबर खाली जातं, आणि तुंबलेल्या सरीत प्राणवायू संपला की जिवाणू उरलेल्याचा नायट्रस ऑक्साइड करतात. खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) पहारीने भोक घेऊन, बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, तेवढंच खोल, खत टाकून मातीने बुजवलं तर तेच पीक कमी गोण्यांत येतं. ठिबक असेल तर आठवड्याला विभागून.

आता पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. हेक्टरी ८ ते १० टन. पेटवलं की अर्ध्या तासात रान मोकळं.

शून्य बेरीज

@काळी माती, पाचट जाळल्याचा कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत. उसाने तो त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो.

काळी माती

बरोबर, तो सोडूनच बोलतोय. १० टनांतलं ८ टन जळालं असं धरा. किलोमागे २.७ ग्रॅम मिथेन आणि ०.०७ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड हे आयपीसीसीचे गुणक. मिथेन २१.६ किलो, २८ पटीने ६०५. नायट्रस ऑक्साइड अर्धा किलोच्या वर, १५३. हेक्टरी पाऊण टन, काजळी वेगळीच. पाचटात अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे ५० किलोपैकी बहुतेक धुरात. अडीच गोण्या युरिया पेटवल्यासारखं.

ठेवायचं कसं ते लिहितो, कारण 'पाचट जाळू नका' एवढं सांगणारे पुष्कळ आहेत. तोडणी झाली की पाचट सरीत दाबायचं, बुडख्यांवर राहू द्यायचं नाही, नाहीतर कोंब पांढरे आणि लांबुडके येतात. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे. उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि त्यांना मुळं धरत नाहीत. छाटलेल्या जागी लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारायचं. मग टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, आणि हलकं पाणी.

बहुतेक जण चुकतात ते युरियात. पाचटात नत्राच्या शंभरपट कार्बन असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि ते बाहेरून मिळालं नाही तर जमिनीतलं ओढून घेतात. महिन्याभरात खोडवा पिवळा पडतो, शेतकरी म्हणतो 'पाचटाने वाटोळं केलं', आणि पुढच्या वर्षी काडी लावतो. आता 'युरिया टाकलात म्हणजे नायट्रस ऑक्साइड आलाच' असं कोणी म्हणण्याआधी: १० टनांना ८० किलो, पावणेदोन गोण्या, १६० किलोच्या आसपास. युरियातून सुटणारा ५९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी बेरीज २२० पर्यंत. जाळण्याच्या ७५० पुढे परवडतं, आणि ते नत्र नंतर उसालाच मिळतं.

'पाचटाने जमिनीत कार्बन साठवला, क्रेडिट द्या' म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध. त्यातला बहुतांश कार्बन वर्ष-दोन वर्षांत हवेतच परत जातो. फायदा पाण्याचा, नत्राचा आणि टळलेल्या धुराचा आहे. तेवढा पुरेसा आहे.

उंबरठा

इथेही पाना कोणाच्या हातात ते बघा. तोडणीची टोळी टनावर मजुरी घेते. पेटवलेला ऊस तोडायला सोपा, पाला अंगाला कापत नाही. मजुराने पाला सोलत बसावं यासाठी त्याच्या दरात काय आहे? कारखाना जळीत उसाला कपात लावतो, ती शेतकऱ्याच्या बिलातून. काडी लावणारा एक, भरणारा दुसरा.

नाममात्र

हे सगळं राहू दे. मोजदाद करत बसण्यापेक्षा झाडं लावा की राव. सगळ्याला उतारा.

चुंबकसुई

किती झाडं? वाळलेल्या लाकडात निम्मा कार्बन असतो, म्हणजे १ टन लाकूड १.८ टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. धागाकर्त्यांच्या त्या एका फुस्सच्या ५४० किलोंसाठी ३०० किलो सुकं लाकूड लागेल, मुळांसकट. म्हणजे छातीच्या उंचीवर ८५ सेंटिमीटरच्या आसपास घेर असलेलं एक झाड. ते रोप पावसाळ्यात फोटो काढून लावलं, दोन उन्हाळे टँकरने जगवलं, शेळ्यांपासून राखलं आणि रस्तारुंदीत गेलं नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी तेवढं होईल. झाडं जरूर लावा. सावलीसाठी लावा, त्याने एसीच कमी लागेल. हिशेब मिटवायला लावू नका.

सांजवेळ

आमच्या सोसायटीत यंदा बरेच एसी बदलले जाणार आहेत. जुने भंगारवाल्याला द्यायचे तर गॅसचं काय करायचं? आणि सर्व्हिसच्या करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

गेजवाला

@सांजवेळताई, काढायचा एसी चालू स्थितीत असेल तर पंप डाऊन करून घ्या. एसी थंडाव्यावर १६ अंशांना लावून १० मिनिटं चालवायचा. इन्व्हर्टर असेल तर सक्तीच्या कूलिंगवर किंवा टेस्ट मोडवर, नाहीतर कॉम्प्रेसर मध्येच मंदावतो. जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला गेज लावायचा. ॲलन कीने बारीक नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा. काटा खाली येत शून्याच्या जवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच मेन स्विच बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडला जातो.

ही शेवटची दोन कामं एका श्वासात व्हायला हवीत. काटा शून्याखाली जाऊ दिला आणि नट ढिला असेल, तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनासारखा आत भडका होतो आणि कॉम्प्रेसर फुटतो. म्हणून गेज नसलेल्या माणसाकडून पंप डाऊन करून घेऊ नका, आणि यूट्यूब पाहून स्वतः तर नाहीच.

पंप डाऊन झाला म्हणजे गॅस वाचला असं नाही, तो नुसता कोंडला. भंगारवाल्याने तांब्यासाठी नळी कापली की गेला. ई-कचरा नियम २०२२ मध्ये एसी आणि फ्रिज दोन्ही येतात, तेव्हा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्या आणि गॅस काढून घेतल्याची पावती वजनासकट मागा. कॉम्प्रेसर बंद पडलेल्या एसीचा पंप डाऊन होत नाही. तिथे रिकव्हरी मशीन लागतंच. ज्या सिलिंडरमध्ये गॅस काढतात तो ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, उन्हात द्रव फुगायला जागा हवी.

करारात चार गोष्टी. प्रत्येक एसीला गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेलं कार्ड, भरलेला-काढलेला गॅस वजनाने त्यावर नोंदायचा. गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. नवीन जोडणीत मायक्रॉन गेजचा फोटो, पंप बंद केल्यानंतर १० मिनिटांनी काढलेला. आणि व्हॅक्यूमचे पैसे वेगळे लावून द्या. उंबरठा म्हणतात ते बरोबर आहे, फुकट मागितलं की पाच सेकंदांचंच काम मिळतं.

शून्य बेरीज

एकगठ्ठा नवे घेताय तर आर-२९० चेही बघा. म्हणजे प्रोपेन, तापवण्याची पट नगण्य. गोदरेजने २०१२ पासून भारतात असे एसी आणले होते. गॅस कमी लागतो, पण तो पेट घेणारा आहे. त्यामुळे किती चौरस मीटरच्या खोलीत किती ग्रॅम चालेल याला मर्यादा आहे आणि बसवणारा प्रशिक्षितच हवा.

सांजवेळ

नोंद केली. कार्डावर 'मूळ वजन' म्हणून पाटीवरचेच ग्रॅम लिहायचे ना?

गेजवाला

पाटीवरचे, पण नळी ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर अधिक. बहुतेक कंपन्या ३ ते ५ मीटरपर्यंतचा गॅस आधीच भरून देतात, पुढे मीटरला १५-२० ग्रॅम. नेमका आकडा आउटडोअरच्या पुस्तिकेत असतो. कार्ड आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये लावा, बाहेर लावलं तर एका पावसाळ्यात शाई जाते.